शिंगांचा मान आणि खुरांची उपेक्षा

आमच्या मराठी भाषेत शिंगांस जितका मान आहे तितका खुरांस नाही. मुलगा वडीलधाऱ्यांस उलट उत्तर देऊ लागला, की त्यास शिंगे फुटली असे आपण म्हणतो. प्रौढ गृहस्थ पोरांत पोर होऊन खेळू लागला, तर तो शिंगे मोडून वासरांत शिरला असे म्हणतो. जी वस्तू जगात असणेच शक्य नाही तिला सशाचे शिंग म्हणतो. लाभ पुष्कळ हवा पण तोशीस मुळीच नको, अशा मनुष्यास आखूडशिंगी व बहुदुधी गाय हवी असते. आणि मोठ्या कार्यास आरंभ करावयाचा झाला म्हणजे आपण रणशिंग फुंकतो. आता खुरांच्या वाट्यास काय आले ते पाहा. सायंकाळी गुरे घरी परतताना त्यांच्या पायांखालून जी धूळ उडते, तिच्यावरून त्या वेळेस गोरज असे सुंदर नाव मिळाले. पण तेही नाव धुळीचे आहे, खुराचे नव्हे.

ही केवळ शब्दांची गंमत असती, तर तिच्यासाठी वार्षिक अंकाची पाने आम्ही अडविली नसती. भाषेत जे दिसते तेच आपल्या वागणुकीतही दिसते. जनावर पुढे उभे राहिले म्हणजे आपली दृष्टी प्रथम त्याच्या शिंगांवर जाते, आणि बहुधा तेथेच थांबते. शिंगे पाहून आपण एक तर भितो, नाही तर भुलतो. पण ज्या चार खुरांवर त्या मुक्या जिवाचे सारे आयुष्य उभे असते, त्यांच्याकडे पाहावे असे आपल्या मनात येत नाही. या एकांगी दृष्टीमुळे आपल्या पुणे शहरात व आसपास जनावरांचे प्रत्यक्ष नुकसान होत आले आहे, असे आमचे मत आहे. आणि ते सकारण मांडावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम शिंग म्हणजे काय हे नीट समजून घेऊ. कारण ज्यास आपण सरसकट शिंग म्हणतो त्या वस्तू एका जातीच्या नाहीत. गाय, म्हैस, शेळी, मेंढी, काळवीट, चिंकारा यांचे शिंग हे खरे शिंग होय. कपाळाच्या हाडातून एक हाडाचा कोंब निघतो, आणि त्यावर केराटिन नावाच्या कठीण द्रव्याची म्यान चढलेली असते. आपली नखे व केस ज्या द्रव्याचे बनतात तेच हे द्रव्य. असे शिंग जन्मभर टिकते, त्यास फाटे फुटत नाहीत, आणि ते एकदा समूळ तुटले तर पुन्हा पूर्ववत येत नाही. सांबर, चितळ, भेकर यांचे शिंग मात्र निराळे. ते सर्वस्वी हाडाचे असते, वाढत असता त्यावर मखमलीसारखी केसाळ त्वचा असते, पूर्ण वाढल्यावर ती त्वचा गळून जाते, आणि ठराविक काळाने ते सबंध शिंगच गळून पडून नवे उगवते. हरणांच्या या कुळात उत्तर ध्रुवाकडील रेनडियर सोडल्यास शिंगे नरासच येतात. गेंड्याचे शिंग तिसऱ्या प्रकारचे. त्याच्या आत हाड मुळीच नसते, ते केवळ केराटिनचे घट्ट बनलेले असते. जिराफाची शिंगे म्हणजे कातडीने झाकलेले हाडाचे दोन खुंट.

हा भेद पाहण्यासाठी आमच्या विद्यार्थ्यांस परदेशी जावे लागत नाही. कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात काळवीट व चितळ हे दोन्ही प्राणी आहेत. काळविटाचे पीळदार, अखंड शिंग पाहावे, आणि मग चितळाचे फाटे फुटलेले शिंग पाहावे, म्हणजे पुस्तकातील चार पानांचे काम चार मिनिटांत होते. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते १९९७ साली स्थापन झाले असून त्याचा विस्तार जेमतेम पाच चौरस किलोमीटर आहे. पण तेथील माळावर चिंकारा मोकळा हिंडताना दिसतो. चिंकाऱ्यांत नर व मादी दोघांसही शिंगे असतात, मादीची आखूड एवढेच; काळविटांत मात्र शिंगे बहुधा नरालाच येतात. आपल्या राज्यातील रानांत चौशिंगा नावाचे एक लहानसे हरीण आहे; त्याच्या नरास दोन नव्हे, चार शिंगे असतात, आणि हे वैशिष्ट्य जगातील दुसऱ्या कोणत्याही वन्य प्राण्यात नित्य आढळत नाही.

आता ही शिंगे कशासाठी, असा प्रश्न येतो. मुलांस विचारावे तर शत्रूस भोसकण्यासाठी असे उत्तर तात्काळ मिळते. ते सर्वस्वी खोटे नाही. पण अपुरे आहे. शिंगांचा पुष्कळसा उपयोग स्वजातीतच होतो. दोन काळवीट समोरासमोर आले म्हणजे ते शिंगांत शिंगे अडकवून रेटारेटी करतात, आणि ज्याचा पाय मागे सरतो तो निघून जातो. मरेपर्यंत झुंज क्वचितच होते. शिंग हे तलवारीपेक्षा निशाणासारखे अधिक वापरले जाते, असे म्हटले तरी चालेल. शिवाय शिंगांच्या आतून रक्त वाहत असल्यामुळे उन्हाळ्यात अंगातील उष्णता बाहेर टाकण्यास त्यांचा उपयोग होतो, असेही संशोधकांनी दाखविले आहे.

फ्रान्समधील प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ झॉर्झ क्यूविए (१७६९–१८३२) यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. त्यांच्या एका विद्यार्थ्याने सैतानाचे सोंग घेऊन रात्री त्यांस जागे केले, आणि आपण त्यांस खाण्यास आलो आहो अशी धमकी दिली. क्यूविए यांनी त्यास नखशिखान्त न्याहाळले, शिंगे व खूर पाहिले, हा प्राणी गवत खाणारा आहे, हा मला खाऊ शकत नाही, असा निर्णय दिला आणि ते कूस बदलून निजले. गोष्ट खरी असो वा रचलेली असो, तीतील शास्त्र खरे आहे. ज्यास भक्ष्य पकडावयाचे त्यास पंजा हवा. खुरांनी भक्ष्य धरता येत नाही. म्हणून ज्या प्राण्यास शिंगे व खूर ही दोन्ही आहेत, तो निरपवाद तृणाहारी होय. ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने तर याहूनही बारीक गोष्ट टिपून ठेवली होती. शिंगे असलेल्या प्राण्यांच्या वरच्या जबड्यास पुढचे दात नसतात. विद्यार्थ्यांनी गाईच्या तोंडात एकदा पाहावे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या निरीक्षणाचा पडताळा त्यांस गोठ्यातच मिळेल. आपल्या सह्याद्रीतील भेकराची शिंगे अगदी आखूड, म्हणून की काय, त्याच्या नराचे वरचे सुळे ओठांबाहेर आलेले असतात. आणि पिसोरीस शिंगे मुळीच नाहीत, तर तिच्या नराचे सुळे लांब असतात. एका हाताने घेतलेले निसर्ग दुसऱ्या हाताने असे परत करतो.

शिंगांविषयी इतके. खूर म्हणजे तरी काय? खूर म्हणजे नख. आपण ज्यास बोटाचे नख म्हणतो तेच वाढून, जाड होऊन, बोटाच्या टोकाभोवती जोड्यासारखे बसले म्हणजे त्याचा खूर होतो. घोडा हा प्रत्येक पायाच्या एकेका बोटाच्या टोकावर उभा असतो. आणि ते बोट म्हणजे आपल्या हाताच्या मधल्या बोटाच्या जागचे. सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या त्याच्या लहानशा पूर्वजास पुढच्या पायांस चार व मागच्या पायांस तीन बोटे होती. धावता धावता बाकीची झडली आणि एक उरले. गाय, बैल, शेळी, हरीण यांच्या पायास दोन बोटे असतात, म्हणून त्यांचा खूर दुभंगलेला दिसतो. हा भेद मनुष्यास फार पुरातन काळापासून ठाऊक आहे. पवित्र शास्त्रातील लेवीय पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात दुभंगलेला खूर व रवंथ करणे या दोन लक्षणांवरूनच जनावरांची निवड केलेली आहे.

हा धडा शिकण्यास नालबंदाच्या अंगणासारखी दुसरी शाळा नाही. घोड्याच्या प्रत्येक पायास एकच अर्धचंद्राकृती नाल बसतो. बैलाच्या दुभंगलेल्या खुरास दोन निरनिराळ्या पत्र्या माराव्या लागतात. घोडा उभ्यानेच नाल मारून घेतो. बैलास दोरांनी पाडून, पाय बांधून पत्र्या माराव्या लागतात. खिळा मेलेल्या नखातून गेला तर जनावरास काही वाटत नाही. तो बोटभर आत सरकला की जिवंत मांसास लागतो आणि जनावर लंगडू लागते. बैलाचा खूर दरमहा सुमारे अर्धा सेंटीमीटर वाढतो. मातीत चालणाऱ्या जनावराचा तो आपोआप झिजतो. गोठ्यात सदा बांधलेल्या गाईचा नको तितका वाढून वाकडा होतो. आणि डांबरी सडकेवर ओझे ओढणाऱ्या बैलाचा वाढण्यापूर्वीच झिजून जातो. निसर्गाने जमाखर्चाचा मेळ मातीशी घातला होता. सडक आपण मागाहून आणली.

एवढी माहिती ध्यानी घेऊन आता आपण आपल्या शहरात घडलेल्या एका गोष्टीकडे वळू. ९ डिसेंबर २०२० रोजी सकाळी कोथरूडच्या महात्मा सोसायटीत एक रानगवा शिरला. गवा हे आपल्या देशातील मोठे रानटी गुरू. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन हजार किलोपर्यंत भरू शकते, आणि त्याची शिंगे पाहून धीट मनुष्याचीही छाती दडपते. बातमी पसरताच माणसे गोळा झाली. कोणी पाहावयास आले, कोणी छायाचित्रे घ्यावयास आले. गवा पळत सुटला. भिंती व फाटके यांवर आदळून रक्तबंबाळ झाला. कित्येक तास हा प्रकार चालला, आणि अखेरीस त्यास बेशुद्ध करून पकडल्यावर त्याच दिवशी त्याचा अंत झाला. भीती व धावपळ यांच्या ताणाने तो गेला.

जमलेल्या हजारो डोळ्यांनी त्या दिवशी काय पाहिले? शिंगे पाहिली. म्हणून कोणास तो हल्ला करणारा राक्षस वाटला, तर कोणास तमाशा वाटला. पण खुरांकडे पाहिले असते तर कळले असते, की हा पळणारा प्राणी आहे. त्याचे सारे शरीर पळून जाण्यासाठी घडलेले आहे. त्यास वाट हवी आहे, दुसरे काही नको आहे. आमचे हे म्हणणे निव्वळ तर्क नव्हे. त्यानंतर तेराच दिवसांनी, २२ डिसेंबर रोजी, बावधनच्या बाजूस दुसरा गवा दिसला. या वेळी वन खात्याने व पोलिसांनी गर्दी दूर ठेवली, आणि तो गवा कोणास इजा न करता रानाकडे परत गेला. तेच शहर, तोच महिना, त्याच जातीचा प्राणी; एक मेला व एक जगला. फरक एवढाच, की दुसऱ्यास आपल्या पायांनी निघून जाण्यास वाट मिळाली.

भयाने होणारे नुकसान हे असे. आता कौतुकाने होणारे पाहू. बेंदूर व पोळा हे बैलांचे सण आम्हांस मनापासून प्रिय आहेत. आदल्या दिवशी बैलाच्या खांद्यास हळद व लोणी चोळावे, दुसऱ्या दिवशी त्यास न्हाऊ घालावे, शिंगांस हिंगूळ लावून बेगड चिकटवावी, टोकांस शेंब्या बसवाव्यात, अंगावर झूल घालावी, पुरणपोळी चारावी, यात कृतज्ञतेचा जो भाव आहे तो जगात अन्यत्र क्वचितच दिसेल. आमचा आक्षेप रंगास नाही. शिंगे साळण्यास आहे. शिंगे गुळगुळीत व टोकदार दिसावीत, खिल्लारी जोडी बाजारात उठून दिसावी, म्हणून कित्येक ठिकाणी पात्याने शिंगांचे थर तासून काढतात. गाईच्या शिंगांवरील वळ्यांवरून तिचे वय अजमावता येते. त्या वळ्या नाहीशा करून वय चोरण्यासाठीही तासतात. शिंग म्हणजे वाळलेले लाकूड अशी यामागे समजूत असते. पण वर सांगितल्याप्रमाणे म्यानेच्या आत जिवंत हाड आहे, रक्तवाहिन्या आहेत, मज्जातंतू आहेत. आणि वाढत्या वयाबरोबर ते हाड आतून पोकळ होऊन कपाळाच्या पोकळीशी जोडले जाते. भारतातील गुरांत, त्यातही खच्ची केलेल्या मोठ्या शिंगांच्या बैलांत, शिंगाचा कर्करोग होतो. जनावर डोके हलवू लागते, मान एका बाजूस कलती करते, त्या बाजूच्या नाकपुडीतून स्राव येतो, आणि शेवटी शिंग ढिले होऊन लोंबू लागते. शिंगे साळणे व जुवाचे सततचे घर्षण यांचा या रोगाच्या कारणांत पशुवैद्य उल्लेख करतात. वेळीच शस्त्रक्रिया झाली तर जनावर वाचू शकते.

यावर कोणी म्हणेल, की शिंगे साळली नाहीत तर बाजारात भाव येत नाही. शेतकऱ्याने काय करावे? हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचे उत्तर शेतकऱ्यापेक्षा विकत घेणाऱ्याने द्यावयाचे आहे. जो गिऱ्हाईक जोडीची शिंगे पाहून पैसे मोजतो, तोच उद्या खूर पाहून मोजू लागला तर ही चाल एका पिढीत बंद पडेल. आपल्याकडे गुणी जनावरांची उणीव नाही. नाशिक व अहिल्यानगरच्या डोंगराळ भागातील डांगी गुरांची शिंगे आखूड, दिसण्यास साधी. पण त्यांचे काळे खूर गारगोटीसारखे टणक, आणि मुसळधार पावसात, चिखलात व खडकांत ती तग धरतात. डोंगरातल्या शेतकऱ्याने शिंगांपेक्षा खुरांची पारख केली, आणि त्यामुळे ही जात टिकली.

आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे निघते, तेव्हा दिवे घाटाच्या चढावर रथास जादा बैलजोड्या जुंपतात. तो देखावा पाहण्यास लोक दूरदूरहून येतात. त्या वेळी आमच्या विद्यार्थ्यांनी रंगविलेल्या शिंगांबरोबर क्षणभर खाली, डांबरावर टेकलेल्या खुरांकडेही पाहावे, अशी आमची सूचना आहे. तेथे निदान बैलांची निगा राखणारे लोक जवळ असतात, आणि चढ एका दिवसाचा असतो. परंतु गळिताच्या हंगामात पुणे जिल्ह्यातील साखर कारखान्यांकडे ऊस वाहणाऱ्या टायरगाड्यांचे बैल महिनोन्महिने त्याच डांबरावर चालतात. गाडीवानास दोष देण्याचे आमच्या मनात नाही. त्याचे पोट त्या बैलांवर असते, आणि तो स्वतःही त्यांच्याबरोबर उन्हात असतो. पण त्या उसाची साखर आपल्या चहात पडते, म्हणून झिजलेल्या खुराचा थोडा हिशेब आपल्याकडेही लागतो. प्राण्यांचा छळ रोखण्याचा कायदा १९६० साली झाला, आणि ओझ्याच्या जनावरांविषयीचे नियम १९६५ साली झाले. त्या नियमांप्रमाणे जनावरास दिवसातून नऊ तासांहून अधिक व सलग पाच तासांहून अधिक जुंपता येत नाही. आणि जेथे उष्णता ३७ अंशांवर जाते तेथे दुपारी १२ ते ३ या वेळात जुंपता येत नाही. हे नियम किती पालकांस ठाऊक आहेत?

खुराच्या उपेक्षेचे आणखी एक उदाहरण घरापाशीच घडले. लाळ्या-खुरकूत हा रोग खेड्यांत सर्वांस ठाऊक आहे. तोंडात फोड येतात, लाळ गळते, आणि दुभंगलेल्या खुरांच्या बेचक्यात व्रण पडून जनावर पाय टेकीत नाही. हा रोग विषाणूमुळे होतो हे जर्मनीत ल्योफ्लर व फ्रॉश यांनी १८९८ साली दाखविले. प्राण्यांस रोग देणारा विषाणू प्रथम ओळखला गेला तो हाच. दुभंगलेल्या खुराच्या प्राण्यांसच तो होतो. घोड्यास होत नाही. जुलै २०२५ मध्ये कात्रजच्या प्राणिसंग्रहालयातील पंधराच्या आसपास चितळे थोड्या दिवसांत दगावली, आणि तपासणीत याच रोगाचे निदान झाले. ज्या चितळांची शिंगे पाहण्यास मुलांच्या झुंडी जात होत्या, त्यांस मृत्यू आला तो खुरकुताने. गुरे, म्हशी, शेळ्या, मेंढ्या यांस लस टोचण्याची देशव्यापी मोहीम २०१९ सालापासून सुरू आहे. ज्यांच्या घरी एखादी शेळी जरी असेल त्यांनी तिला लस टोचून घ्यावी. कारण रोग कुंपण ओळखत नाही.

आता पालकांस व विद्यार्थ्यांस थोडे सांगून लेख पुरा करू. लग्नाच्या वरातीसाठी घोडा ठरविताना त्याच्या पाठीवरील जरीची झूल पाहण्यापूर्वी त्याचे चारी पाय पाहा. नाल ढिला असेल किंवा घोडा लंगडत असेल तर तो नाकारा, व नाकारण्याचे कारण मालकास सौम्य शब्दांत सांगा. वस्तीत रानचे जनावर आले तर घरात थांबा, वाट मोकळी ठेवा, आणि वन खात्यास कळवा. सांबराचे शिंग घरी ठेवण्याचा व औषध म्हणून उगाळण्याचा मोह सोडा. वन्य जीवांचा कायदा १९७२ सालापासून आहे, आणि आपोआप गळून पडलेल्या शिंगाचाही व्यापार बंद आहे. मुलांनो, पुढच्या वेळी बैल काढावयास बसाल तेव्हा शिंगांत जितका वेळ घालविता तितकाच खुरांत घालवा. तुमच्या कित्येक चित्रांतील बैल सुंदर शिंगांचे असतात, पण त्यांच्या पायांच्या शेवटी चार काळे ठिपके असतात. खूर दुभंगलेला काढण्यासाठी एकदा तरी बैलाजवळ खाली बसून पाहावे लागते. आणि जो खाली बसून पाहील, त्यास त्या पायाची झीजही दिसल्याशिवाय राहणार नाही.